चार मीटर आणि बाराशे सीसी: छोट्या सेडानच्या इंजिनांची पार्श्वभूमी

छोटी सेडान घेताना शोरूममध्ये इंजिनाचे जे दोन-तीन पर्याय समोर येतात, ते ग्राहकाच्या हौसेपेक्षा सरकारच्या करधोरणाने अधिक ठरवलेले असतात, हे सहसा लक्षात येत नाही. ॲम्बेसेडर आणि पद्मिनीच्या काळात पर्याय फारसे नव्हतेच. १९९० साली आलेल्या मारुती १००० या गाडीचे ९७० सीसीचे इंजिन तिच्या अंगाच्या मानाने अशक्तच होते. १९९४ च्या एस्टीममध्ये १.३ लिटरचे, सुमारे ६५ अश्वशक्तीचे इंजिन आले, तेव्हा कुठे ती उणीव भरून निघाली. १९९८ मध्ये होंडा सिटीने १.५ लिटरमधून सुमारे १०० अश्वशक्ती देऊन मध्यमवर्गाला वेगाची चटक लावली खरी, पण त्याच सिटीची २००३ ची आवृत्ती अवघ्या ७७ अश्वशक्तीची निघाली आणि तरीही खपली, कारण तिचे ॲव्हरेज चांगले होते. शौकिनांनी नाके मुरडली असली, तरी कंपनीने गिऱ्हाईक अचूक ओळखले होते, असेच म्हणावे लागेल.

खरे वळण २००६ च्या अर्थसंकल्पाने दिले. लांबी चार मीटरच्या आत आणि इंजिन पेट्रोलचे असल्यास १२०० सीसीपर्यंत, डिझेलचे असल्यास १५०० सीसीपर्यंत असेल, तर उत्पादन शुल्क २४ वरून १६ टक्के करण्यात आले. सवलत मुख्यतः हॅचबॅकसाठी, म्हणजे मागे बाहेर आलेली डिकी नसलेल्या गाड्यांसाठी होती. सेडान तिच्यात बसवण्यासाठी डिकी आखूड करावी लागली. टाटाची २००८ ची इंडिगो सीएस हा त्याचा पहिला ठळक नमुना. त्याच वर्षी आलेली मारुतीची डिझायर मात्र चार मीटरहून लांब होती आणि तिचे पेट्रोल इंजिन १.३ लिटरचे होते. पुढे तिला १.२ लिटरचे इंजिन मिळाले आणि २०१२ मध्ये तिची लांबी ३९९५ मिलिमीटरवर आली. होंडाची २०१३ ची अमेझही याच चौकटीत बसली.

या चौकटीत पेट्रोलला ८५-९० अश्वशक्तीच्या फारसे पुढे जाता आले नाही. डिझेलची गोष्ट निराळी. फियाटच्या १.३ लिटर डिझेल इंजिनाची शक्ती डिझायरमध्ये ७५ अश्वशक्ती, म्हणजे कागदावर पेट्रोलहून कमी, पण टॉर्क, म्हणजे इंजिनाचा ओढण्याचा जोर, १९० न्यूटन-मीटर आणि तोही मिनिटाला दोन हजार फेऱ्यांच्या आसपास. पेट्रोलचा ११४, आणि त्यासाठी इंजिन चार हजार फेऱ्यांपर्यंत न्यावे लागे. इंदूर आणि नाशिक-पुण्यादरम्यान जाणाऱ्या-येणाऱ्या कुटुंबाला हा फरक सेंधव्याजवळच्या बिजासन घाटाच्या चढावर कळतो: पाच माणसे, भरलेली डिकी, सुरू असलेला एसी आणि पुढे रांगणारा ट्रेलर अशा स्थितीत पेट्रोल गाडी दुसऱ्या गिअरवर आणून इंजिन ओरडवावे लागते, तर डिझेल गाडी इंजिनात जादा हवा कोंबणारा टर्बो एकदा जागा झाला की तिसऱ्यावरच चढ ओढते. इंदूरजवळच्या पीथमपूर येथे २०२१ मध्ये ११.३ किलोमीटरचा अतिवेग चाचणीमार्ग सुरू झाला. पण तिथे मोजलेल्या कमाल वेगाचा घाटातल्या या गरजेशी फारसा संबंध नाही.

एप्रिल २०२० मध्ये गाड्यांच्या धुराबाबतचे कडक बीएस-६ निकष लागू झाले, छोट्या डिझेल इंजिनाला ते पेलण्याचा खर्च परवडेनासा झाला आणि मारुतीने डिझेल सोडून दिले. टॉर्कची ती जागा मोठ्या सेडानमध्ये टर्बो पेट्रोलने घेतली: फोक्सवॅगनच्या २०२२ च्या व्हर्टसमधले एक लिटरचे इंजिन ११५ अश्वशक्ती आणि १७८ न्यूटन-मीटर देते, दीड लिटरचे १५० आणि २५०. डिझायरमध्ये मात्र २०२४ पासून तीन सिलिंडरचे, ८२ अश्वशक्तीचे इंजिन आहे आणि सीएनजीवर ते सत्तरच्या घरात येते.

एक लिटरची व्हर्टस जीएसटीतही टिकलेल्या त्या सवलतीतल्या इंजिनाच्या अटीत सहज बसते. तिला अडवते ती साडेचार मीटरहून अधिक लांबी. जीएसटी आणि उपकर धरून आधी छोट्या पेट्रोल गाडीवर २९ टक्के आणि त्यावरच्या मध्यम गाडीवर ४५ टक्के कर होता. २२ सप्टेंबर २०२५ पासून हे दर अनुक्रमे १८ आणि ४० झाले. दोन्ही गाड्या स्वस्त झाल्या, पण त्यांच्यातले करांतर १६ टक्क्यांवरून २२ वर गेले.