मशेरी: दात घासण्याच्या निमित्ताने घरात शिरलेली तंबाखू

तंबाखू मूळची आपल्याकडची नाही. पोर्तुगिजांबरोबर ती हिंदुस्थानात आली आणि दख्खनमध्ये लवकर रुजली. अकबराचा वकील असद बेग १६०४च्या सुमारास विजापूरच्या आदिलशाहीतून परतला, तेव्हा बादशहाला दाखवायला तंबाखू आणि हुक्का घेऊन गेला होता. ओढणे, चघळणे, तपकीर ओढणे हे प्रकार पुढे देशभर पसरले. भाजून, पूड करून दातांना लावण्याचा प्रकार मात्र महाराष्ट्रात, त्यातही बायकांमध्ये घट्ट बसला.

त्याचं कारण माझ्या मते आपल्या दात घासण्याच्या जुन्या रीतीतच आहे. बाभळीचं किंवा कडुलिंबाचं दातवण, मीठ आणि राखुंडी ही घरोघरची साधनं. सुश्रुतसंहितेत दातवण बारा अंगुळं लांब आणि करंगळीएवढं जाड असावं, इतकं बारकाईने सांगितलं आहे. राखुंडी म्हणजे गोवरीच्या राखेची किंवा कोळशाची काळी पूड, बोटावर घेऊन चोळायची. मशेरीही काळी पूडच. बाईने बिडी ओढली असती तर घरात गहजब झाला असता; दात घासायला कोण हरकत घेणार?

मशेरी अजूनही अनेक घरांत चुलीवरच होते. तंबाखूची पानं तापल्या तव्यावर टाकतात आणि काळी, कुरकुरीत होईपर्यंत परततात. त्या वेळी असा ठसका उठतो की शेजारच्या घरालाही कळतं. मग हाताने चुरून पूड डबीत भरायची. पहाटे उठल्यावर चिमूटभर तर्जनीवर घ्यायची आणि हिरड्यांवर चोळत बसायचं. दुपारच्या जेवणानंतर पुन्हा, निजताना पुन्हा. दात एवढ्या वेळा आणि एवढा वेळ कुणी घासत नाही. ही निकोटिनची तलफ असते.

तोंडाच्या आतल्या नाजूक अस्तरातून निकोटिन थेट रक्तात उतरतं. दुखरी दाढ थोडी बधिर झाल्यासारखी वाटते, म्हणून मशेरीने दात घट्ट होतात असा समज पिढ्यान्‌पिढ्या चालत आला. प्रत्यक्षात किडलेली दाढ आत किडतच राहते. रोज जिथे चोळलं जातं तिथली हिरडी हळूहळू मागे सरते, दाताचं मूळ उघडं पडतं, दात हलू लागतात. तंबाखूत मुळातच कर्करोगकारक नायट्रोसमाइन्स असतात. भाजताना त्यात बेंझोपायरीनसारख्या द्रव्यांची भर पडते.

मशेरी लावणाऱ्या बायका दातांइतकाच पोटाचा दाखला देतात. ‘लावल्याशिवाय पोट साफ होत नाही,’ हे वाक्य महाराष्ट्रातल्या कुठल्याही तालुक्यात ऐकू येईल. ते अगदीच खोटं नाही, कारण निकोटिन आतड्यांची हालचाल वाढवतं. पण सकाळी उठून काही खाल्लं-प्यायलं की मोठं आतडं आपणहूनही हालचाल करतं, आणि त्याचं श्रेय डबीला मिळतं. पचनाची खरी सुरुवात दाढांखाली होते. घास बारीक होतो, लाळ त्यात मिसळते आणि लाळेतलं अमायलेज भाकरीतल्या पिष्टाचं विघटन तिथेच सुरू करतं. दाढा गेल्या की भाकरी कालवणात कुस्करून गिळायची वेळ येते, पालेभाजीचे देठ, दाणे, काकडी ताटातून जातात. चोथा कमी झाला की पोट पुन्हा अडतं, आणि त्यावर उपाय म्हणून पुन्हा मशेरी.

वैद्यकाने याकडे लक्ष दिलं ते बरंच उशिरा. टाटा मूलभूत संशोधन संस्थेतल्या दंतसंशोधन विभागाचे डॉ. फली मेहता आणि सहकाऱ्यांनी पुणे जिल्ह्यातल्या १,०१,७६१ गावकऱ्यांची तोंडं तपासली. घरोघर जाऊन केलेल्या या पाहणीचे निष्कर्ष १९७२मध्ये प्रसिद्ध झाले. या कामाचं महत्त्व जेवढं सांगावं तेवढं थोडं आहे. तोंडातले पांढरे चट्टे, कर्करोग आणि तंबाखूच्या सवयी यांची सांगड आपल्याच गावांतल्या माणसांवरून तपासली गेली. पुढे २००४मध्ये मुंबईतल्या १,२१७ गरोदर बायकांचा अभ्यास आला. त्यांच्यातल्या सुमारे १७ टक्के बायका धूरविरहित तंबाखू वापरत होत्या, आणि त्यात सगळ्यांत जास्त मशेरीच. तंबाखू वापरणाऱ्या बायकांच्या बाळांचं वजन न वापरणाऱ्यांच्या बाळांपेक्षा सरासरी १०५ ग्रॅमने कमी भरलं.

केंद्र सरकारने १९९२मध्ये टूथपेस्ट आणि दंतमंजनात तंबाखू घालायला बंदी केली. लाल दंतमंजन आणि गोव्यात टूथपेस्टसारखी वापरली जाणारी ट्यूबमधली मलईदार तपकीर यांच्याभोवतीचा मुख्य प्रश्न हाच होता. २०१२मध्ये महाराष्ट्राने गुटख्यावर बंदी आणली. या दोन्ही बंदी कारखान्यातून निघणाऱ्या, दुकानात विकल्या जाणाऱ्या मालावर होत्या. घरच्या तव्यावर भाजलेल्या पानाला त्या लागू होत नाहीत, आणि कच्ची तंबाखू किराणा दुकानात सहज मिळते. २०१६-१७च्या राष्ट्रीय पाहणीत महाराष्ट्रातले २४.४ टक्के प्रौढ धूरविरहित तंबाखू वापरत होते.

दवाखान्यात ‘तंबाखू खाता का?’ असं विचारलं तर मशेरी लावणारी बाई मनापासून ‘नाही’ म्हणते, कारण तिच्या लेखी ते दात घासणं आहे. म्हणून प्रश्न थेट मशेरीचाच विचारायला हवा, आणि विशेषतः गरोदरपणाच्या पहिल्याच तपासणीत. सोडायला सांगताना पहिले काही दिवस पोट अडेल, चिडचिड होईल, डोकं दुखेल, हेही तिला आधीच सांगायला हवं. नाहीतर तिसऱ्या दिवशी ती पोटासाठी म्हणून पुन्हा डबी उघडते.