पार्श्वभूमी : काट्यावरची जागा आणि ‘लग्नाचं काय?’

आम्ही केलेला हा खेळ लहान आहे, मोबाइलवर अर्ध्या तासात संपतो. खेळणारा यवतमाळ जिल्ह्यातल्या एका जिनिंगच्या, म्हणजे कापसातून सरकी वेगळी करायच्या कारखान्याच्या, ऑफिसात मॅनेजरच्या खुर्चीत बसतो. दिवाळी तोंडावर आलेली, कापसाच्या गाड्या सुरू व्हायच्या बेतात, आणि गाड्यांचं वजन होतं त्या काट्यावर नोंदी घ्यायला एक माणूस हवा. टेबलावर पाच अर्ज, त्यांतले दोन मुलींचे. उमेदवाराला काय विचारायचं ते पडद्यावरच्या पर्यायांतून निवडायचं. ‘लग्नाचं काय ठरवलं?’ हा पर्याय फक्त मुलींच्या अर्जांवर उमटतो. तो दाबला नाही तर मालकाचा फोन येतो : ‘‘पोरगी हुशार हाय, पण रात्री बारा वाजता गाडी आली त काटा कोण घेईन? अन् उन्हाळ्यात लगन झालं त मंग?’’ शेवटी रजिस्टरच्या ‘शेरा’ या रकान्यात काहीतरी लिहावं लागतं.

वाचत वाचत पर्याय निवडायचे असे खेळ करणं २००९ मध्ये आलेल्या ट्वाइन या फुकट साधनानं सोपं केलं. प्रोग्रामिंग न शिकलेली माणसंही ते करू लागली, आम्हीही त्यातलेच. पण खेळून झाल्यावर लोक बोलतात ते त्या प्रश्नाबद्दल. मलाही तो विचारला गेला होता, एका बियाणे कंपनीच्या तालुक्याच्या ऑफिसात. मी उत्तर दिलं, आणि गुणपत्रिकांची फाइल त्यांनी न उघडताच माझ्याकडे परत सरकवली. म्हणून हा प्रश्न कुठून आला ते मांडून ठेवते.

फार मागचं थोडक्यात. मध्य प्रांतात प्रसूती लाभाचा कायदा १९३० मध्येच झाला होता. कोळसा खाणींत बायांनी जमिनीखाली उतरायचं नाही, हे १९२९ च्या नियमांनी टप्प्याटप्प्यानं लागू होत गेलं. महायुद्धात कोळसा कमी पडला तेव्हा १९४३ मध्ये ती बंदी उठवली आणि १९४६ मध्ये परत घातली. बाईला काय झेपतं हे कोळशाच्या गरजेप्रमाणे बदलत गेलं, असंच मला त्यात दिसतं. वणी, चंद्रपूरच्या खाणपट्ट्यातल्या घरांना हे वेगळं सांगायला नको.

कामावर घेतानाच भेदभाव करू नये, हे स्पष्ट शब्दांत आलं ते समान वेतन कायद्यात. १९७५ मध्ये वटहुकूम आणि १९७६ मध्ये कायदा. त्याचं नाव वेतनाचं असल्यानं कलम ५ कडे फारसं कुणाचं लक्ष जात नाही. एकाच किंवा सारख्या स्वरूपाच्या कामावर माणसं घेताना बाई म्हणून डावलायचं नाही, असं ते कलम सांगतं. १९८७ मध्ये त्यात बढती, प्रशिक्षण आणि बदलीही आली. मात्र ज्या कामावर बायांना ठेवायला दुसऱ्या कायद्यानं मनाई आहे, ते काम त्यातून वगळलं होतं. आणि १९४८ च्या कारखाना कायद्यात संध्याकाळी सातनंतर सकाळी सहापर्यंत बाईला कामावर ठेवायचं नाही, असं कलम ६६ होतंच. हंगामात काटा रात्री चालतो. मग दिवसपाळीची जागा असली तरी ‘रात्रीचं जमणार नाही’ हे कारण तयार मिळे.

लग्नाबद्दल न्यायालयं बोलली ती मोठ्या नोकऱ्यांच्या निमित्तानं. परराष्ट्र सेवेतल्या बाईनं लग्नाआधी सरकारची लेखी परवानगी घ्यावी, या नियमावर सर्वोच्च न्यायालयानं १९७९ मध्ये ताशेरे ओढले. एका सरकारी विमा कंपनीच्या फॉर्मात उमेदवार बाईची मासिक पाळी आणि गरोदरपण यांची चौकशी असायची. ते रकाने काढून टाकायला १९९१ मध्ये सांगितलं गेलं. आमच्या तालुक्यात मात्र फॉर्म नसतोच, प्रश्न तोंडी असतो, आणि तोंडी प्रश्नातला रकाना खोडता येत नाही.

आता ज्यावर आमच्यात सगळ्यात जास्त भांडण झालं ते. २००५ मध्ये आशा योजना आली. आशा कोण असावी, याच्या मार्गदर्शक सूचनेत लिहिलं होतं : प्रामुख्यानं गावची रहिवासी बाई, ‘विवाहित, विधवा किंवा घटस्फोटित’, शक्यतो २५ ते ४५ वयाची. अविवाहित मुलीला थेट मनाई नाही, पण ती यादीत नाही. कारण सगळ्यांना कळतं : तिला शिकवायचं, आणि दोन वर्षांत ती सासरी जायची. आमच्यातल्या एकाचं म्हणणं, हा भेदभाव नव्हे, व्यवहार आहे. बाळंतिणीच्या घरी सहा-सात फेऱ्या घालायला गावात टिकणारं माणूस लागतं. मला ते पटलेलं नाही. बियाणे कंपनीचा माणूस शब्द न शब्द हेच म्हणाला होता. शिवाय आशा कागदावर स्वयंसेविका. तिला पगार नाही, मोबदला मिळतो. म्हणजे नेमणुकीच्या कायद्यानं भांडायचीही सोय नाही.

अंगणवाडीच्या भरतीत हाच गुंता ‘स्थानिक रहिवासी’ या शब्दात अडकतो. उमेदवार त्याच गावची हवी. पण बाई कुठली? लग्न झालं की बापाच्या रेशनकार्डातून नाव कमी होतं आणि सासरच्या कार्डात चढतं. नवऱ्यानं आत्महत्या केल्यावर दोन लेकरं घेऊन माहेरी आलेली बाई घ्या. विधवेला या भरतीत वाढीव गुण आहेत, पण तिचं नाव अजून सासरच्या कार्डात आणि तिथल्याच मतदार यादीत. ग्रामपंचायत दाखला देते, मग यादी लागते, आणि कुणीतरी हरकत घेतं : ‘ही इथली नाही.’ सासरच्या गावी जागा निघाली तर तिथलेही म्हणतात, ‘ती तर माहेरी राहते.’ परित्यक्तेचं त्याहून अवघड, कारण नवऱ्यानं टाकलं याचा कागदच नसतो. पुरुषाचा रहिवास लग्नानं हलत नाही, म्हणून या शब्दात काही अडचण आहे हे नियम लिहिणाऱ्याच्या लक्षातही आलं नसावं.

खेळातल्या पाचव्या अर्जावर दोन नावं आहेत ती यातूनच. दहावीच्या गुणपत्रिकेवर बापाचं आडनाव, आधारवर नवऱ्याचं, आणि दोन्ही जुळवायला राजपत्राची प्रत मध्ये टाचलेली. १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या नावात आईचं नाव आलं. विवाहित बाईच्या नावापुढे नवऱ्याचं नाव लावायची पद्धत तशीच राहिली.

बाकीचं अलीकडे भराभर बदललं. २०१५ च्या राज्य दुरुस्तीनं सुरक्षेच्या अटींवर कारखान्यात बायांना रात्रपाळीची मुभा मिळाली. २०१९ मध्ये खाणीत जमिनीखाली उतरायचीही मुभा आली, संमती आणि अटींसह. मार्च २०२३ पासून एस.टी.त बायांना अर्धं तिकीट आहे, त्यामुळे तालुक्याला रोज जाऊन नोकरी करणं परवडू लागलं. २१ नोव्हेंबर २०२५ ला वेतन संहिता लागू झाली आणि १९७६ चा कायदा तिच्यात विरला. नेमणुकीतल्या भेदभावाची मनाई तिच्यात आहे, आणि दुसऱ्या कायद्यानं मनाई असलेल्या कामाचा अपवादही तसाच आहे.

खेळात हे कायदे कुठेच दिसत नाहीत. मॅनेजर ते वाचत नाही. त्याच्यासमोर रजिस्टर आहे, मालकाचा फोन आहे आणि भिंतीवर एस.टी.चं वेळापत्रक आहे, शेवटची गाडी पावणेसातला. पहिल्या आवृत्तीत ‘शेरा’ मोकळा सोडून पुढे जाता येत होतं, आणि खेळायला दिलेल्या बहुतेकांनी तो मोकळाच सोडला. दुसऱ्या आवृत्तीत कारण लिहिल्याशिवाय रजिस्टर मिटत नाही.