अनियमित मासिक पाळी

अनियमित मासिक पाळी : दोन पाळ्यांमधील अंतर, स्रावाचे दिवस किंवा स्रावाचे प्रमाण यांत त्या वयाला अपेक्षित असतो त्याहून जास्त होणारा बदल. अंतर एका पाळीच्या पहिल्या दिवसापासून पुढच्या पाळीच्या पहिल्या दिवसापर्यंत मोजतात. स्राव थांबल्यापासून मोजल्यास चक्र आहे त्याहून लहान भासते. पाळीची अनियमितता हे लक्षण आहे, स्वतंत्र रोग नव्हे.

नियमित कशाला म्हणावे याविषयी एकमत नाही. अठ्ठावीस दिवसांचे चक्र ही केवळ सोयीची सरासरी होय. मिनेसोटा विद्यापीठातील विद्यार्थिनींपासून १९३४ मध्ये सुरू झालेल्या नोंदींवर आधारित ट्रेलोअर व सहकाऱ्यांच्या अभ्यासाने (१९६७) हे स्पष्ट केले, की ऋतुप्राप्तीनंतरची (पहिल्या पाळीनंतरची) काही वर्षे आणि ऋतुनिवृत्तीपूर्वीची (पाळी कायमची थांबण्यापूर्वीची) काही वर्षे चक्र सर्वाधिक बदलते. मधल्या काळात ते बरेच स्थिर असते. आंतरराष्ट्रीय स्त्रीरोग व प्रसूतिशास्त्र महासंघाने (फिगो) २०१८ मध्ये सुधारलेल्या निकषांनुसार २४ ते ३८ दिवसांचे अंतर व ८ दिवसांपर्यंतचा स्राव प्राकृत (सामान्य) मानला जातो. सर्वांत लहान व सर्वांत मोठ्या चक्रांतील फरक २६ ते ४१ या वयात ७ दिवसांपर्यंत, तर १८ ते २५ आणि ४२ ते ४५ या वयांत ९ दिवसांपर्यंत चालतो. बहुपुटी अंडाशय विकाराविषयीच्या (पीसीओएस, पुढे पाहा) २०२३ च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांत मात्र वरची मर्यादा ३५ दिवस आहे. ३६ ते ३८ दिवसांचे चक्र असलेली स्त्री त्यामुळे एका मापाने प्राकृत आणि दुसऱ्याने अनियमित ठरते. व्यवहारात त्या स्त्रीचे स्वतःचे पूर्वीचे चक्र आणि तिचे वय यांच्याशी तुलना करणे अधिक विश्वसनीय दिसते.

आयुर्वेदीय ग्रंथांत शुद्ध आर्तवाचे (मासिक स्रावाचे) लक्षण दिलेले आहे : दर महिन्याला येणारे, पाच रात्री टिकणारे, बुळबुळीतपणा, दाह व वेदना नसलेले, फार नाही आणि फार थोडेही नाही असे. हे वर्णन चरकसंहितेच्या चिकित्सास्थानातील तिसाव्या अध्यायात येते. तो अध्याय या ग्रंथाचा नंतरचा संस्कर्ता दृढबल याने पूर्ण केलेल्या भागात मोडतो. दृढबलाचा काळ सामान्यतः इ. स. चौथे-पाचवे शतक धरतात. त्यामुळे हे लक्षण थेट चरकाचे म्हणण्यापेक्षा दृढबलाच्या संस्करणातील म्हणणे योग्य. सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानात आर्तवाचा काळ बाराव्या वर्षापासून पन्नाशीपर्यंत सांगितला असून तो आजच्या निरीक्षणांशी बराच जुळतो.

ओगिनो (जपान) व क्नाउस (ऑस्ट्रिया) यांनी १९२० च्या दशकात स्वतंत्रपणे दाखवले, की अंडमोचन (अंडाशयातून अंड बाहेर पडणे) पुढच्या पाळीच्या साधारण १४ दिवस आधी होते. म्हणून चक्र लांबते ते मुख्यतः अंडमोचनापूर्वीच्या भागात. अंडमोचन झालेच नाही तर अंतःस्तर स्थिर ठेवणारे प्रोजेस्टेरॉन हे संप्रेरक तयार होत नाही. ईस्ट्रोजेन या दुसऱ्या संप्रेरकामुळे गर्भाशयाचा अंतःस्तर (आतले अस्तर) वाढत राहतो आणि मग तो अवेळी, कधी फार मोठ्या प्रमाणात, गळतो. वयात येणाऱ्या मुलींत मेंदू व अंडाशय यांतील संप्रेरकांचा मेळ बसायला वेळ लागतो. त्यामुळे पाळी सुरू झाल्यावर पहिले वर्ष अनियमितता स्वाभाविक असते, आणि पुढची दोन वर्षे २१ ते ४५ दिवसांचे अंतर चालते.

इतर कारणांत गर्भधारणा, स्तनपान, थायरॉइडचे विकार, प्रोलॅक्टिन या दूधनिर्मितीच्या संप्रेरकाची वाढ, वजनात झपाट्याने घट वा वाढ, अतिव्यायाम, मानसिक ताण, गर्भाशयातील गाठी आणि काही औषधे येतात. सणवार किंवा पूजेसाठी पाळी पुढे ढकलण्याच्या गोळ्याही त्यांत आहेत. त्या बंद केल्यावर साधारण दोन-तीन दिवसांत स्राव येतो. पूर्वी रक्ताच्या गुठळ्या झालेल्या स्त्रीने त्या सल्ल्याशिवाय घेऊ नयेत.

बहुपुटी अंडाशय विकाराचे (पीसीओएस) वर्णन शिकागोच्या स्टाइन व लेव्हेन्थल यांनी १९३५ मध्ये सात रुग्णांवरून केले. रॉटरडॅम निकषांनुसार (२००३) तीनपैकी दोन लक्षणे पुरतात : अनियमित अंडमोचन, पुरुषी संप्रेरकांचे आधिक्य आणि सोनोग्राफीत दिसणारी बहुपुटी अंडाशये. २०२३ च्या तत्त्वांनी प्रौढ स्त्रियांत सोनोग्राफीऐवजी एएमएच (अंडाशयातील पुटिकांतून स्रवणारे संप्रेरक) या रक्तचाचणीलाही मान्यता दिली. किशोरींत मात्र या दोन्हींवरून निदान करू नये असे म्हटले. केवळ सोनोग्राफीच्या अहवालावरून कोवळ्या मुलीला हा शिक्का मारणे म्हणूनच चुकीचे आहे.

डॉक्टरांकडे केव्हा जावे : पाळी आधी नियमित असून तीन महिने आली नाही, पंधराव्या वर्षापर्यंत सुरूच झाली नाही, चक्र वारंवार २१ दिवसांहून लहान पडते, अंगावरून आठ दिवसांहून अधिक जाते, दोन पाळ्यांच्या मध्ये किंवा संबंधानंतर रक्त दिसते, धाप लागते, चक्कर येते. पाळी बंद होऊन वर्ष उलटल्यावर आलेला थोडाही रक्तस्राव तपासून घ्यावा, कारण तो अंतःस्तराच्या कर्करोगाचे पहिले लक्षण असू शकतो. पाळी चुकल्यानंतर रक्तस्रावासह ओटीपोटात, विशेषतः एका बाजूला, तीव्र वेदना झाल्यास गर्भाशयाबाहेरील गर्भाची शंका धरून त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. तासाला एक पॅड भिजून असे सलग काही तास चालू राहिले तरी हेच लागू. ऋतुप्राप्तीपासूनच फार स्राव होणाऱ्या मुलीत रक्त गोठण्याचा आनुवंशिक विकार असू शकतो.

तपासणीची सुरुवात गर्भधारणेच्या चाचणीने होते. नंतर हिमोग्लोबिन, थायरॉइड, प्रोलॅक्टिन, सोनोग्राफी. ४५ वर्षांवरील स्त्रीत अंतःस्तराचा नमुना. उपचार कारणानुसार : लोह, स्राव कमी करणारे ट्रॅनेक्झॅमिक आम्ल, संप्रेरक गोळ्या, संप्रेरकयुक्त तांबी. गर्भाशय काढणे हा सहसा शेवटचा पर्याय. बीड जिल्ह्यातील ऊसतोड कामगार स्त्रियांच्या गर्भाशय-शस्त्रक्रियांची चौकशी करण्यासाठी नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली २०१९ मध्ये समिती नेमली गेली. पाहणीत ८२,३०९ स्त्रियांपैकी १३,८६१ जणींचे गर्भाशय काढल्याचे आढळले. कामाचा खाडा झाला की मजुरी कापली जाते, फडावर न्हाणीघर नसते, आणि अंगावरून जाण्यावर औषधोपचार करण्याऐवजी शस्त्रक्रिया सुचवली जाते, असे त्यातून पुढे आले. गर्भाशयासोबत दोन्ही अंडाशयेही काढल्यास ऋतुनिवृत्ती तत्काळ येते. कमी वयात तसे झाल्यास हाडे ठिसूळ होण्याचा व हृदयविकाराचा धोका वाढतो.