बर्फाखालचा छत्तीसचा आकडा

जानेवारीत लेकीकडे अमेरिकेत, मिनेसोटात होतो. गोठलेल्या तळ्यावर खुर्ची टाकून, पायांमधल्या भोकात गळ सोडून बसलेला माझा फोटो शाळेच्या ग्रुपवर टाकला आणि लगेच उत्तरं आली. एकाने विचारलं, "खाली मासे गोठून दगड झाले असतील, पकडताय काय?" दुसरा माझ्यासारखाच निवृत्त विज्ञानशिक्षक. त्याने परस्पर उत्तर दिलं, "अरे, पाण्याचं असंगत आचरण! होपचं उपकरण विसरलास? वर बर्फ, तळाशी चार अंशाचं पाणी, मासे मजेत." तिसऱ्याने जोडलेल्या हातांची चित्रं टाकून 'निसर्गाने माशांसाठी केलेली केवढी ही योजना' असं लिहिलं आणि विषय संपवला.

दुसऱ्याचं उत्तर मीही वर्षानुवर्षं फळ्यावर लिहिलं आहे. परीक्षेत त्याला पूर्ण गुण. त्या दिवशी तळ्यावर मात्र ते अर्धंच निघालं.

तळ्याचं नाव मिल लॅक्स. तळं म्हणायची आपली पद्धत, नाहीतर त्याचं क्षेत्रफळ ५३० चौरस किलोमीटरच्या वर आहे. अख्खी मुंबई महापालिका त्यात मावेल. खोली मात्र जास्तीत जास्त १३ मीटर, म्हणजे चारमजली इमारतीइतकी. एवढा विस्तार आणि एवढीच खोली, म्हणजे आकार परातीसारखा. ही परात लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

लेकीचे शेजारी हिवाळ्यात दर शनिवारी तिथे जातात. जावई म्हणाले, "बाबा, चला, तुमच्या आवडीचं भौतिकशास्त्र आहे." गाडी थेट तळ्यावर नेली. पायाखाली पाणी आहे हे ठाऊक असताना गाडीतून उतरणं सोपं नसतं. शेजाऱ्यांनी बॅटरीवर चालणारं गिरमिट काढलं. सुताराचंच, फक्त माणसाच्या छातीपर्यंत येणारं आणि वीतभर रुंदीचं भोक पाडणारं. मिनिटभरात ते आरपार गेलं आणि पाणी उसळून वर आलं. भोकातला बर्फाचा चुरा काढायला जे साधन त्यांनी घेतलं, ते बघून मला हसू आलं. हुबेहूब भज्यांचा झारा! बर्फाची जाडी मोजली, ती ५५ सेंटिमीटर भरली.

मग त्यांनी भोकातून वायरला बांधलेला कॅमेरा खाली सोडला. पडद्याच्या कोपऱ्यात खोली आणि पाण्याचं तापमान दिसतं. आठ मीटरवर तळ आला, वाळू दिसली आणि मी चष्मा सारखा करून आकडा वाचला. अमेरिकेत सगळं फॅरनहाइटमध्ये. चार अंश सेल्सिअस म्हणजे ३९ फॅरनहाइट. पडद्यावर होतं ३६. म्हणजे जेमतेम सव्वादोन सेल्सिअस. पुस्तकाशी तळ्याचा अक्षरशः छत्तीसचा आकडा!

यंत्र बिघडलेलं असेल, ही माझी पहिली शंका. पण जरा हिशेब केल्यावर यंत्राची माफी मागावी लागली.

आधी पुस्तकातलं. पाणी थंड होत जाताना इतर द्रवांसारखंच आकसतं, जड होतं आणि खाली बसतं. पण चार अंशांच्या खाली गेलं की उलट फुगायला लागतं, कारण पाण्याचे रेणू एकमेकांचे हात धरून मोकळी, पोकळ रचना करू पाहतात. बर्फ ही त्याच रचनेची शेवटची पायरी. म्हणून चार अंशाचं पाणी सर्वांत जड, ते तळाशी. त्याहून थंड पाणी वर, आणि गोठणं वरून सुरू. एडिंबरोच्या थॉमस होपने १८०५ साली नळकांड्यात पाणी भरून, मधोमध थंड करून, वर आणि खाली एकेक तापमापी लावून हे दाखवलं. यात काडीचीही चूक नाही.

आता आकडे. चार अंशाच्या हजार लिटर पाण्याचं वजन ९९९.९७ किलो. शून्य अंशाच्या तेवढ्याच पाण्याचं ९९९.८४. फरक १३० ग्रॅम. गच्चीवरच्या हजार लिटरच्या टाकीत वाटीभर तांदूळ! उन्हाळ्यात २५ आणि २६ अंशाच्या पाण्यात याच्या दुप्पट फरक असतो, सुमारे २६० ग्रॅम. म्हणजे 'जड पाणी खाली, हलकं वर' ही हिवाळ्यातली उतरंड या वाटीभर तांदळाच्या जिवावर उभी. तिला मोडायला किती जोर लागेल?

फार नाही. वारा पुरतो. नोव्हेंबरात तळं उघडं असतं आणि पंचवीसेक किलोमीटरच्या सपाट पाण्यावरून उत्तरेचा वारा सुटलेला असतो. परात उथळ, त्यामुळे तो पाणी तळापर्यंत घुसळून काढतो. वरचं दोन अंशाचं पाणी वर राहतच नाही, सगळं तळंच तीन, मग अडीच, मग दोन अंशांवर येतं. अशात एखादी निरभ्र रात्र येते, वारा पडतो, पृष्ठभागाचा पातळ थर शून्याला पोचतो आणि दुधावर साय धरावी तसा बर्फ धरतो. त्या रात्री खाली जे तापमान असेल ते आत कोंडलं जातं. खोल, अरुंद, डोंगराच्या आडोशाच्या तळ्यात तळाशी चार अंश टिकून राहू शकतात. मिल लॅक्समध्ये नाही. होपच्या नळकांड्याला वारा लागत नव्हता, एवढाच काय तो फरक.

मग माशांना कोण वाचवतं? झाकण. बर्फ धरला की वाऱ्याची रवी बंद. वाटीभर तांदळाची उतरंड आता सुखाने उभी राहते, कारण तिला ढवळणारं कोणी उरत नाही. वर वाऱ्यासकट उणे तीस असलं तरी बर्फाच्या खालच्या कडेला तापमान शून्यच असतं, कारण तिथे बर्फ आणि पाणी एकत्र नांदतात. तळाचं पाणी उलट हळूहळू उबदार होतं. उन्हाळ्यात चिखलावाळूत मुरलेली ऊब हिवाळाभर झिरपून वर येत राहते.

आणि हे झाकण स्वतःच स्वतःला आवरतं, हा माझा सर्वांत लाडका भाग. एक किलो पाणी गोठताना ३३४ किलोज्यूल उष्णता बाहेर टाकतं. तेवढ्या उष्णतेत एक किलो पाणी शून्यापासून ऐंशी अंशांपर्यंत तापेल. एक चौरस मीटरवर एक सेंटिमीटर जाडीचा बर्फ धरायचा तर साधारण ०.८५ युनिट, आपल्या विजेच्या बिलावरचं युनिट, इतकी उष्णता तळ्याने बाहेर फेकायला हवी. माझ्या पायाखालच्या ५५ सेंटिमीटरसाठी चौरस मीटरला ४७ युनिट. ही उष्णता जाणार कुठून? नवा बर्फ खालच्या बाजूने धरतो, त्यामुळे तिला आधी धरलेल्या बर्फातूनच वर यावं लागतं. बर्फ जितका जाड, तितकी वाट लांब, तितकं गोठणं मंद. व्हिएन्नाच्या जोसेफ श्टेफानने (तापलेल्या वस्तूच्या प्रारणाच्या नियमातला तोच श्टेफान) ध्रुवीय मोहिमांनी आणलेली बर्फाच्या जाडीची मापं घेऊन १८९१च्या सुमारास हे गणित मांडलं. जाडी वाढते ती दिवसांच्या प्रमाणात नाही, दिवसांच्या वर्गमुळाच्या प्रमाणात. शून्याखाली किती अंश आणि किती दिवस यांचा गुणाकार करा, वर्गमूळ काढा, साडेतीनने गुणा: जास्तीत जास्त जाडी सेंटिमीटरमध्ये. उणे दहा अंशांचे दहा दिवस म्हणजे शंभर, वर्गमूळ दहा, जाडी ३५ सेंटिमीटर. दुप्पट जाडी हवी तर वीस दिवस पुरत नाहीत, चाळीस लागतात. तिप्पट हवी तर नव्वद, तोवर वसंत येतो. वर्गमुळाला घाबरणाऱ्यांनी एवढंच घ्या, की तळं जेवढं गोठतं तेवढं गोठायला कंटाळतं.

प्रत्यक्षात जाडी याच्या निम्मी-पाऊणच भरते, कारण हिम. मराठीत आपण दोघांनाही बर्फच म्हणतो. इथे गोठलेल्या पाण्याला बर्फ म्हणतो आणि आभाळातून पडणाऱ्या भुसभुशीत मालाला हिम. हिमात हवा कोंडलेली, गोधडीतल्या कापसासारखी, त्यामुळे ते बर्फाच्या दहा ते वीस पट वाईट उष्णतावाहक. दहा सेंटिमीटर हिम म्हणजे एक-दोन मीटर बर्फाइतकं पांघरूण. थंडी कडक पडली तरी हिमाखाली बर्फ पातळच राहतो. म्हणून मासेमार हिमवर्षावाने खूश होत नाहीत. त्यात वजनाचा ताप आणखी. बर्फाची घनता पाण्याच्या ०.९१७ पट. तीस सेंटिमीटर जाड बर्फ अडीच सेंटिमीटरच वर डोकावतो, आणि चौरस मीटरला पंचवीस किलोपेक्षा जास्त हिम साचलं की तो पाण्याखाली दबतो, फटींतून पाणी वर येतं, हिमात मुरतं आणि गोठून पांढरा, बुडबुड्यांचा बर्फ होतो. मिनेसोटाचं नैसर्गिक संसाधन खातं सांगतं की स्वच्छ नवा बर्फ चार इंच असेल तर माणसाने चालावं, नऊ-दहा इंच असेल तर छोटी गाडी न्यावी, आणि पांढऱ्या बर्फासाठी हे आकडे दुप्पट धरावेत. वर हेही सांगतं की शंभर टक्के सुरक्षित बर्फ नसतोच.

वाऱ्याने मात्र हार मानलेली नसते. याच राज्यातल्या अप्पर रेड लेकवर २८ नोव्हेंबर २०२२ रोजी बर्फाचा मोठा तुकडा किनाऱ्यापासून सुटला आणि सुमारे २०० मासेमारांना घेऊन तरंगत निघाला. सगळे वाचले. पुढच्याच वर्षी डिसेंबरअखेर त्याच तळ्यावर पुन्हा शंभराहून जास्त लोकांना असंच सोडवावं लागलं. हौस!

हौस कशाची, तर वॉलाय नावाच्या माशाची. कॅनडात याला पिकरल म्हणतात. पर्च नावाच्या माशाच्या कुळातला, सोनेरी-हिरवट, दात असलेला, आणि १९६५ पासून मिनेसोटाचा राज्यमासा. थंड पाण्यातही तो खातो, पण सुस्तपणे. म्हणून गळ मोठा नाही, अंगठ्याएवढा चकाकता पत्रा, त्याला छोट्या माशाचं मुंडकं, आणि हातभर लांबीच्या काठीने तो तळाच्या वीतभर वर हलकेच उचलायचा, सोडायचा, थांबायचा. थांबणं महत्त्वाचं. नवखे उचलतच राहतात. मीही तेच केलं.

शेजाऱ्यांच्या मते त्या दिवशी मासा लागणारच नव्हता, कारण हवेचा दाब चढत होता. हा समज तिकडे आपल्याकडच्या अमावास्येइतका पक्का आहे. मोठं वादळ आलं तरी वातावरणाचा दाब वीस-तीस हेक्टोपास्कलने बदलतो. पाण्यात एवढाच फरक पडायला मासा वीस-तीस सेंटिमीटर वर-खाली झाला की पुरे, आणि तो दिवसातून शंभरदा तसा होत असतो. ढग, वारा, उजेड यांनी फरक पडत असेल, आणि ते दाबाबरोबरच बदलतात. पण श्रेय सगळं बॅरोमीटरला. मी हे जावयांकरवी सांगितलं. शेजारी हसले आणि म्हणाले, मग तुम्ही पकडून दाखवा.

दुपारभर काही लागलं नाही. मधूनच बर्फ 'बोलत' होता: आधी बारीक 'प्यूऽऽ', मागाहून घुमणारा 'ढुम्म'. आकसताना फट पडली की बर्फाच्या पत्र्यातून लहरी धावतात. त्यांतल्या बारीक आवाजाच्या लहरी जास्त वेगाने धावतात, म्हणून त्या आधी ऐकू येतात. हे कळल्यावरही दर वेळी पाय आपोआप उचलले जात होते.

साडेचारनंतर सूर्य क्षितिजाला टेकला आणि शेजाऱ्यांनी गप्पा थांबवल्या. वॉलायच्या डोळ्यांत दृष्टिपटलाशी एक चमकदार थर असतो, मांजराच्या डोळ्यांत असतो तसा. पेशींना चुकवून मागे गेलेला प्रकाश तो परत फिरवतो आणि पेशींना तोच प्रकाश दुसऱ्यांदा टिपायची संधी देतो. चित्र थोडं अस्पष्ट होतं, पण अंधुक उजेडात दिसतं तरी. त्याचं भक्ष्य असलेल्या पिवळ्या पर्चकडे हा थर नाही. दिवसा दोघंही बघतात. तिन्हीसांजेला पर्चला दिसेनासं होतं आणि वॉलायला अजून दिसत असतं. वरून बर्फ आणि हिमाने आधीच उजेड गाळून घेतलेला, त्यामुळे ही वेळ खाली आमच्या घड्याळाच्या जरा आधीच सुरू होते. त्या अर्ध्या तासात तळ्यावरचा प्रत्येक माणूस आपल्या भोकाकडे टक लावून बसलेला होता.

माझी काठी वाकली. ओढ म्हणावी तर तशी नाही, ओलं फडकं अडकल्यासारखं जड. हातमोजे काढून हाताने दोरा ओढला आणि हिरवट सोनेरी डोकं भोकात आलं. पट्टीवर ठेवला. त्या वर्षीच्या नियमात त्याची लांबी बसत नव्हती. इथल्या मूळनिवासी ओजिब्वे लोकांचा १८३७च्या तहातला मासेमारीचा हक्क अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९९९ साली मान्य केला, तेव्हापासून या तळ्यातून किती वॉलाय काढायचे याचा हिशेब राज्य आणि जमाती मिळून बसवतात, आणि नियम पाळले जातात. शेजाऱ्यांनी त्याला ओल्या हाताने भोकात सोडला. बोटं सुन्न झाली होती. पाणी शून्याच्या जेमतेम वर होतं, तरी हवेपेक्षा ते उबदारच वाटलं.

झाऱ्याने साफ केलेल्या भोकावर तेवढ्यात साय धरली होती. कॅमेऱ्याचा दिवा लागलेला, कोपऱ्यात तोच ३६, आणि मधोमध, वाळूच्या जरा वर, दोन पांढरे ठिपके आमच्याकडे बघत होते.