चिखलस्नान: तीन आठवड्यांच्या पथ्यापासून एका दिवसाच्या सहलीपर्यंत

चिखल अंगावर वाळायला लागला की आधी कोपर आणि गुडघे आवळल्यासारखे वाटतात. मग बोटांच्या पेरांवर बारीक भेगा पडतात, काळा रंग उतरत उतरत राखाडी होतो, आणि इतका वेळ खिदळणारं मूल एकाएकी गप्प होऊन स्वतःच्याच हाताकडे बघत बसतं. मूठ वळली की खपल्या पडतात, आतली कातडी मात्र ओलसर आणि मऊ. शेजारी आजी डोळे मिटून ऊन खात असते. तिच्या गुडघ्यांवर दुप्पट जाड थर असतो, तिनं स्वतः मागून घेतलेला. नैसर्गिक चिखलस्नानाला गेलेल्या कुठल्याही कुटुंबाचं हे चित्र आहे, मग जागा कुठल्याही देशातली असो.

हे उन्हात वाळत बसणं काल-परवाचं नाही. इसवी सन ७७ च्या सुमारास थोरला प्लिनी या रोमन लेखकानं औषधी झऱ्यांविषयी लिहिताना नोंदवून ठेवलं, की झऱ्यांचा गाळही उपयोगी पडतो, पण तो अंगाला माखून उन्हात वाळू द्यायला हवा. त्या एका ‘पण’मध्ये मला अख्खी उपचारपद्धती दिसते. नुसता चिखल पुरत नाही, त्याला ऊब लागते आणि वेळ लागतो. पुढची जवळपास दोन हजार वर्षं चिखलस्नानाचा इतिहास या दोन गोष्टींभोवतीच फिरत राहिला. आजच्या एका दिवसाच्या सहलीत ऊब शाबूत राहिली आहे, वेळ मात्र कापला गेला आहे.

मुळात हा चिखल म्हणजे शेताच्या बांधावरची राड नव्हे. कुठे तो गरम झऱ्यांच्या तोंडाशी, गंधकाच्या वाफेनं खडक कुजून तयार होतो. कुठे खाडीच्या किंवा खाऱ्या सरोवराच्या तळाशी शेकडो वर्षं साचत आलेला मऊ, लोण्यासारखा गाळ असतो. थंड प्रदेशांत पीट असतं, म्हणजे दलदलीत अर्धवट कुजलेल्या वनस्पतींचा तपकिरी लगदा. खाडीच्या गाळाचा काळा रंग लोह आणि गंधकाच्या संयुगाचा असतो. हवा लागली की ते संयुग बदलतं, म्हणूनच अंगावर वाळताना चिखल राखाडी होतो. सडक्या अंड्यासारखा वास हायड्रोजन सल्फाइडचा, आणि तोच वायू चांदीही काळवंडवतो. लहान मुलांचे वाळे-पैंजण आधीच काढून ठेवावेत ते यासाठी.

चिखलात उष्णता कशी वागते हेही समजून घेण्यासारखं आहे. गरम पाण्यात प्रवाह फिरत राहतात, त्वचेजवळचं निवलेलं पाणी बाजूला होऊन नवं गरम पाणी येतं, त्यामुळे चटका पटकन बसतो. दाट चिखल जागचा हलत नाही. त्वचेला टेकलेला थर थोडा निवतो आणि तोच कवचासारखा राहतो, मागून ऊब सावकाश झिरपत राहते. त्यामुळे पाण्यात नकोसं वाटणारं तापमान चिखलात सुसह्य वाटतं. सांध्यांना बरं वाटण्याचं मोठं श्रेय या सावकाश उबेला आहे. धोकाही तिथेच आहे: चटका बसत नाही म्हणून माणूस जास्त वेळ पडून राहतो आणि उठताना भोवळ येते.

चिखलाचे गुण माणसाला कोणी दाखवले, याच्या कथा ठिकठिकाणी सांगतात आणि त्यांत पहिला मान जनावराचा असतो. इंग्लंडमधल्या बाथ शहराच्या दंतकथेत ब्लॅडड नावाचा राजपुत्र कुष्ठरोगामुळे दरबारातून बाहेर पडतो आणि डुकरं राखायला लागतो. त्याची डुकरं कोमट चिखलात लोळतात, त्यांच्या कातडीवरचे चट्टे जातात, मग तोही लोळतो आणि बरा होतो. रोमानियात काळ्या समुद्राकाठी तेकिरघिओल नावाचं खारं सरोवर आहे. तिथली कथा तेकिर नावाच्या अपंग, आंधळ्या म्हाताऱ्याची आणि त्याच्या गाढवाची. गाढव गाळात रुतून बसलं, काही केल्या बाहेर येईना, आणि आलं तेव्हा दोघांच्याही व्याधी गेल्या होत्या. या कथांना इतिहास म्हणता येणार नाही, पण त्यांच्यामागचं निरीक्षण खरं आहे. डुकराला घामावाटे अंग थंड करता येत नाही, म्हशीलाही ते फारसं जमत नाही. चिखलाचा थर पाण्यापेक्षा सावकाश सुकतो, जास्त वेळ गारवा देतो, वर गोचीड-माश्यांपासून आडोसा करतो. गुराख्यांनी हे रोज पाहिलं असणार.

ग्रीक वैद्य गॅलन दुसऱ्या शतकात इजिप्तमधल्या लोकांबद्दल लिहून गेला आहे. अंगावर सूज चढलेले रोगी तिथे मातीचा लेप लावतात, असं तो सांगतो. पण चिखलाला खऱ्या अर्थानं शिस्त लागली ती इटलीत, पादुआजवळच्या आबानो या गावी. रोमन काळापासून तिथल्या गरम झऱ्यांची ख्याती होती. डोंगरांवर पडलेला पाऊस दोन-तीन हजार मीटर खोल मुरतो, तापतो आणि फार काळानं ८० अंशांहून अधिक गरम होऊन वर येतो. आबानोचे लोक जवळच्या सरोवरातला गाळ काढून आणतात, पण तो तसाच अंगाला लावत नाहीत. टाक्यांमध्ये पसरून त्यावरून हे गरम पाणी सुमारे ५० ते ६० दिवस वाहू देतात. हळूहळू वर हिरवी साय धरते, सूक्ष्म शेवाळाची आणि जिवाणूंची. तेव्हा तो चिखल ‘पिकला’ असं मानतात. मला यातला धीर फार आवडतो. लोणचं मुरायला ठेवावं तसा चिखल मुरायला ठेवायचा, वापरून झाला की पुन्हा टाकीत घालून ताजा होऊ द्यायचा. आजही इटलीच्या सरकारी आरोग्यसेवेत डॉक्टरच्या चिठ्ठीवर वर्षातून एकदा १२ चिखललेपांचा पूर्ण क्रम घेता येतो.

उत्तर युरोपात ही वाट एका लष्करी डॉक्टरनं पाडली. एस्टोनियातल्या हाप्सालू या किनारी गावात कार्ल अब्राहम हुन्नियस काम करत होता. उथळ खाडीच्या उन्हानं तापलेल्या गाळात गावकरी दुखरे सांधे बुडवून बसतात, हे त्यानं पाहिलं. त्यानं त्यांना अडाणी ठरवलं नाही, ते काय करतात याच्या नोंदी केल्या आणि १८२५ मध्ये तिथे चिखलोपचाराचं पहिलं केंद्र उघडलं. या इतिहासात मला सगळ्यात मोलाचं पाऊल हेच वाटतं. ज्ञान गावकऱ्यांचं होतं, डॉक्टरनं त्याला वेळ, मात्रा आणि विश्रांतीची चौकट दिली. पुढे रशियन उमराव, राजघराण्यातले लोक, संगीतकार चायकोव्हस्की, सगळे हाप्सालूला येऊ लागले. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला रेल्वे आली, तेव्हा स्थानकाला २१६ मीटर लांबीचा छप्पर असलेला फलाट बांधला. शाही पाहुण्यांच्या अंगावर पावसाचा थेंब पडू नये, ही त्यामागची काळजी. ते लाकडी छप्पर अजून उभं आहे.

एकोणिसाव्या शतकातलं चिखलस्नान हे असं होतं. मध्य युरोपात फ्रांटिश्कोव्ही लाझ्नेसारख्या पीटसाठी नावाजलेल्या गावी माणूस जायचा तो साधारण तीन आठवड्यांसाठी. सकाळी ठरलेली मिनिटं चिखलात, मग चादरीत गुंडाळून पडून राहणं, दुपारी चालणं, रात्री लवकर झोप. एक दिवस स्नान, एक दिवस आराम असा फेर. मुलांना यात फारशी जागा नव्हती, हा आजाऱ्यांचा आणि पैसेवाल्यांचा प्रांत होता. त्याच शतकाच्या अखेरीला जर्मनीतल्या अडॉल्फ जुस्टनं साध्या ओल्या मातीची पट्टी पोटावर बांधायचा उपाय लोकांपुढे ठेवला. त्याला ना झरा लागत होता, ना खोली. दक्षिण आफ्रिकेत असताना गांधीजींनी त्याचं लिखाण वाचलं, स्वतःच्या बद्धकोष्ठावर मातीची पट्टी वापरली आणि आपल्या आत्मकथेत तसं लिहिलं. माती फुकटची आहे आणि घरच्या घरी वापरता येते, हा विचार तिथून खूप दूरवर पसरला.

मग १९४८-४९ मध्ये कॉर्टिझोन हे सूज उतरवणारं औषध आलं. संधिवातानं अंथरुणाला खिळलेले रोगी काही दिवसांत उठून चालू लागलेले पाहिल्यावर, तीन आठवडे गाळात बसायला कोण जाणार? ज्या देशांत विमा किंवा सरकार खर्च उचलत होतं तिथे चिखलोपचार टिकले. सोव्हिएत संघात तर कामगारांना विश्रामगृहांत पाठवलं जाई. इतरत्र वैद्यकानं त्यांच्याकडे पाठ फिरवली. गुडघ्यांच्या झिजेत चिखलाच्या लेपानं दुखणं कमी होतं, असं पुढे अनेक छोट्या चाचण्यांत दिसलं आहे. अडचण अशी, की खोटी गोळी देता येते तसा खोटा चिखल देता येत नाही. रोग्याला लगेच कळतं. त्यामुळे ऊब किती, क्षार किती आणि मनाचा भाग किती, हे वेगळं काढणं कठीण जातं.

वैद्यकानं सोडलेली ही जागा सहलीनं घेतली. मोटारी, बस आणि होड्या आल्या, रविवारची सुट्टी आली, आणि जिथे आजारी माणूस मुक्कामाला जात होता तिथे धडधाकट कुटुंब सकाळी जाऊन संध्याकाळी परत येऊ लागलं. तुर्कस्तानातल्या दाल्यानला पर्यटक होडीतून निघतात, डोंगरात कोरलेल्या थडग्यांखालून जातात, चिखलकुंडात उतरतात आणि कासवांच्या किनाऱ्यापर्यंत जाऊन परततात. त्या थडग्यांचं प्राचीन शहर कौनोस. स्ट्रॅबो या ग्रीक भूगोलकारानं ते तापाचं, फिकट चेहऱ्यांच्या माणसांचं शहर म्हणून नोंदवलं आहे. ज्या दलदलीच्या मुलखाची एके काळी धास्ती होती, तिथेच आज आईवडील मुलांना घेऊन हौसेनं चिखलात उतरतात.

कोलंबियातला एल तोतुमो हा जेमतेम १५ मीटर उंचीचा चिखलाचा ज्वालामुखी आहे. त्याला लाव्ह्याची धग नाही, जमिनीतला वायू ओला गाळ वर ढकलतो, एवढंच. तिथली लोककथा सांगते, की पूर्वी यातून आग निघायची, एका पाद्र्यानं पवित्र पाणी शिंपडलं आणि आगीचा चिखल झाला. लाकडी पायऱ्या चढून वर जायचं आणि तोंडातल्या कुंडात उतरायचं. पायाखाली तळ लागत नाही, तरी माणूस बुडत नाही, कारण तो चिखल पाण्यापेक्षा बराच जड आहे. पहिल्यांदा उतरणाऱ्याची धडपड बघण्यासारखी असते. उभं राहायला जावं तर पाय वर येतात, कडेला सरकायचं तर दुसऱ्या कोणीतरी हात देऊन ओढावं लागतं. नंतर शेजारच्या पाणथळ तळ्यावर गावातल्या बाया तांब्यानं पाणी ओतून कानामागचा चिखलसुद्धा काढून देतात.

दक्षिण कोरियातल्या बोर्योंगची गोष्ट अगदी अलीकडची. किनाऱ्यावरच्या गाळापासून सौंदर्यप्रसाधनं बनवायला सुरुवात झाली, त्यांची ओळख व्हावी म्हणून १९९८ मध्ये चिखल महोत्सव भरवला, आणि तो मालापेक्षा मोठा झाला. तिथे आता घसरगुंड्या आहेत, चिखलातल्या कुस्त्या आहेत, मुलांसाठी वेगळी जागा आहे. उपचाराचा भाग जवळजवळ गळून पडला आहे. मला त्यात वावगं वाटत नाही. चिखलात खेळायची मुभा मुलाला एक दिवस मिळते, आईवडीलही सोबत माखलेले असतात, एवढं पुष्कळ आहे.

जुन्या पथ्याबरोबर मात्र एक गोष्ट हरवली: कोणीतरी शेजारी उभं राहून वेळ मोजणारं. ती जबाबदारी आता घरच्यांवर आली आहे. गरम चिखलात १५-२० मिनिटं पुष्कळ झाली, मुलांना त्याहून कमी. गरोदर बाई, हृदयविकार किंवा रक्तदाबाचा त्रास असलेला माणूस आणि तान्हं मूल यांनी गरम कुंडात उतरू नये. अंगावर ताजी जखम असेल तर त्या दिवशी काठावरच बसावं. न्यूझीलंडमध्ये नैसर्गिक गरम कुंडांत डोकं पाण्याखाली घालू नका असं बजावतात. कोमट गोड्या पाण्यात राहणारा एक अमीबा नाकावाटे मेंदूपर्यंत पोहोचू शकतो. हा संसर्ग फार क्वचित होतो, पण जवळजवळ नेहमीच प्राणघातक ठरतो, आणि तिथे त्यानं माणसं दगावली आहेत. सेंट लुसिया बेटावर सूफ्रिएरच्या उकळत्या चिखलकुंडांच्या अगदी काठापर्यंत पूर्वी लोक जात. १९९० च्या दशकात एका मार्गदर्शकाच्या पायाखालचा पापुद्रा फुटला, तो आत पडून भाजला, आणि तेव्हापासून ती कुंडं लांबूनच बघायची. चिखल लावायला लोक आता खालच्या अंगाला जातात, जिथे ओढ्याचं पाणी निवलेलं असतं. कुंपण दिसलं की ते कोणाच्या तरी भाजण्यानंतर आलं आहे, हे मुलांना सांगायला हवं.

चिखलाच्या जागाही कायमच्या नाहीत. मृत समुद्राकाठच्या गरम झऱ्यांवर हेरोद राजा शेवटच्या आजारपणात गेला होता, असं जोसेफस या इतिहासकारानं लिहून ठेवलं आहे. त्या समुद्राचा काळा गाळ आज जगभर विकला जातो. पण जॉर्डन नदीचं पाणी वरच वळवलं जातं, क्षार काढणारे कारखाने पाणी आटवतात, आणि समुद्राची पातळी वर्षाला एक मीटरहून जास्त खाली जाते आहे. मागे उरलेल्या जमिनीत हजारो खड्डे खचले आहेत. एन गेदी इथे १९८० च्या दशकात पाण्याजवळ स्नानगृह बांधलं होतं. चिखल लावून लोक थेट समुद्रात धुवायला उतरत. मग किनारा मागे मागे हटला, एक किलोमीटरहून लांब गेला, आणि माखलेल्या आईवडिलांना आणि मुलांना ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत बसवून पाण्यापर्यंत न्यावं लागू लागलं. दर वर्षी ती फेरी थोडी थोडी लांबत गेली.