एसटीपी घेतला खरा, पण जिवाणूंना जेवण कोण घालणार?

मागच्या वर्षी एका आडगावातल्या सरकारी निवासी शाळेच्या मागं गेलो होतो. तिथं निळा एसटीपी, म्हणजे सांडपाणी शुद्ध करायचा प्लांट, उभा होता, कंटेनरएवढा, वर उद्घाटनाची पाटी, आणि झाकण उचललं तर आत काळंकुट्ट पाणी नि सडक्या अंड्याचा वास. वॉचमन म्हणाला, "साहेब, लाईट असली की चालतो." लाईट किती वेळ असते ते मी विचारलंच नाही.

हा वास कुठून येतो ते समजलं की टेंडर कुठं फसलं तेही समजतं. या टाकीत घाण साफ करतात ते जिवाणू, मशीन म्हणजे नुसतं त्यांचं घर. ब्लोअर खालून हवा सोडतो, लिटरमागं साधारण २ मिलिग्रॅम ऑक्सिजन पाण्यात राहिला की ते मजेत घाण खातात. लाईट गेली की थोड्याच वेळात ऑक्सिजन संपतो, मग हवेशिवाय जगणाऱ्या जिवाणूंचं राज्य, त्यातले काही पाण्यातल्या सल्फेटपासून हायड्रोजन सल्फाइड करतात, तोच तो अंड्याचा वास. शिवाय मे महिन्यात मुलं घरी, टाकीत येणार काय? जिवाणू उपाशी. जूनमध्ये एकदम ४०० मुलं हजर, आणि जिवाणूंची नवी फौज (कल्चर) नीट जमायला काही आठवडे लागतात.

आता खरेदीची गंमत बघा. माणशी १३५ लिटर पाणी हा आकडा गटारलाईन असलेल्या शहरांसाठीचा, तो टेंडरमध्ये जसाच्या तसा चिकटवतात. ४०० मुलं गुणिले १३५, त्याचे ८० टक्के सांडपाणी, म्हणजे रोज ४३ हजार लिटर. पण जिथं टँकर येतो आणि मुलं दोन बादल्यांत आंघोळ, कपडे, सगळं उरकतात, तिथं माणशी ६० लिटर धरले तरी सांडपाणी १९ हजार लिटरच्या आसपासच राहतं. म्हणजे प्लांट दुप्पट मोठा, वीजबिल मोठं, जिवाणू अर्धपोटी. वर एल-वन, सगळ्यात स्वस्त तो जिंकला! त्या किमतीत मशीन असतं, चालवणारा माणूस नसतो. माझं स्पष्ट मत, पाच वर्षं चालवायचा खर्च धरूनच किंमत लावा, नाहीतर घेऊच नका.

दुसरा पर्यायही आहे. सियाचीनसारख्या ठिकाणच्या जवानांसाठी डीआरडीओनं बायो-डायजेस्टर (जिवाणूंकडून मैला जिरवणारी टाकी) केला, तोच पुढे रेल्वेच्या डब्यांत आला. त्यातले जिवाणू हवेशिवाय काम करतात, त्यामुळे ब्लोअरच नको, गाळही बराच कमी. फुकट काही नसतं म्हणा, बाहेर पडणाऱ्या पाण्यात अमोनिया राहतो आणि थोडी घाणही, ते पुढं खडीच्या वाफ्यातून, त्यात कर्दळ लावून न्यावं लागतं. आणि संडासात ॲसिड ओतायची सवय असेल तर कुठलेच जिवाणू टिकत नाहीत, मग ते सियाचीनसाठीचे का असेनात.

त्या शाळेतनं निघताना टाकीच्या मागं बघितलं, ओव्हरफ्लो जिथं जिरतो तिथं कर्दळ आपोआप माजली होती, कमरेएवढी. वॉचमन ती दर महिन्याला कापतो. इन्स्पेक्शनला साहेब येतात तेव्हा जंगल दिसतं म्हणे.