छायाचित्रावरून रानमाशीची ओळख

फुलावर टिपलेल्या अनोळखी मधमाशीचे कुल, प्रजाती (म्हणजे जवळच्या जातींचा गट) आणि जमलीच तर जाती छायाचित्रावरून ठरवणे. जगात मधमाश्यांच्या २०,००० हून अधिक जाती नोंदल्या गेल्या आहेत. त्यांतल्या बहुसंख्य मोहोळ बांधत नाहीत. मादी एकटीच जमिनीत, पोकळ काडीत किंवा भिंतीच्या भेगेत घर करते. महाराष्ट्रात मात्र मधमाशी म्हटले की आग्या, सातेरी, फुलोरी आणि पोयाची माशी एवढीच नावे तोंडी येतात. मोठी काळी दिसली की तो भुंगा, मग मादी का असेना.

आधी ती मधमाशीच आहे ना, हे पाहावे लागते. फुलांवर घिरट्या घालणाऱ्या कित्येक साध्या माश्या हुबेहूब मधमाशीचे सोंग घेतात. त्यांना दोनच पंख असतात, मधमाशीला चार. पण बसलेल्या मधमाशीचे मागचे पंख पुढच्या पंखांना बारीक आकड्यांनी अडकलेले असतात, त्यामुळे फोटोत पंख मोजायला गेले की फसगत होते. त्यापेक्षा शृंगिका, म्हणजे डोक्यावरच्या मिशा, पाहाव्यात: सोंगाड्या माशीच्या बहुधा आखूड, मधमाशीच्या लांब आणि कोपरासारख्या वाकलेल्या.

त्यानंतर पराग कुठे आहे ते पाहायचे. सातेरीच्या मागच्या पायावर ओलसर, घट्ट गोळी दिसते. पोटाखालचे केस परागाने पिवळे झाले असतील, तर माशी मेगाकायलिडी कुलातली. गुलाबाच्या पानांच्या कडांतून गोल चकत्या कापून नेणारी हीच. पंखांच्या शिराही उपयोगी पडतात. पुढच्या पंखावर, कडेच्या लांब कप्प्याखाली, याच कुलातल्या मेगाकायली प्रजातीला दोन छोटे कप्पे असतात, निळ्या पट्ट्यांच्या अमेजिला प्रजातीला तीन. पोयाच्या माशीच्या पंखात शिरा फारच थोड्या उरलेल्या असतात.

रंगावर भिस्त ठेवणारा हमखास चुकतो. झायलोकोपा या लाकूड पोखरणाऱ्या भुंग्यांच्या काही जातींत मादी काळी, पिवळ्या छातीची आणि नर सगळाच हिरवट-पिवळा असतो. जोडीचे फोटो दोन वेगळ्या नावांनी साठवले जातात. याच भुंग्याला इंग्रजी पुस्तके चाळून ‘बंबलबी’ (गुबगुबीत, केसाळ मधमाशी) ठरवणारेही कमी नाहीत. भारतात बंबलबी मुख्यतः हिमालयातल्या. सह्याद्रीत टिपलेला गुळगुळीत, चकचकीत काळ्या पोटाचा भुंगा बहुधा झायलोकोपाच.

काळ्या पोटावर निळे चमकदार पट्टे दिसले, तर माशी बहुधा अमेजिला. पट्ट्यांऐवजी निळे ठिपके असतील, तर थायरियस. ती अमेजिलाच्या घरात अंडे घालून निघून जाते आणि पराग गोळा करण्याच्या भानगडीत पडत नाही. अमेजिलाची जाती सांगणे मात्र अवघड. पट्टे बऱ्याच जातींचे सारखेच, त्यामुळे भारतातल्या फोटोखाली अमेजिला सिंग्युलाटा हे ऑस्ट्रेलियातल्या जातीचे नावही सर्रास चिकटवले जाते. खरा निकाल चेहऱ्यावरच्या फिकट खुणा आणि नराच्या जननेंद्रियाची ठेवण पाहून लागतो, आणि ती ठेवण पाहायला सूक्ष्मदर्शक हवा.

फोटो पाठीवरून, बाजूने आणि समोरून घ्यावा. समोरचाच बहुतेकांचा राहून जातो. दिवसा अमेजिला क्षणभर स्थिर राहत नाही. सांजवेळी तिचे नर वाळक्या काडीला जबड्याने घट्ट पकडून, पाय आखडून, ओळीने झोपतात, तेव्हा चेहरा निवांत टिपता येतो आणि शृंगिकेचे तुकडेही मोजता येतात: नराचे १३, मादीचे १२. जोडीला तारीख, ठिकाण आणि झाडाचे नाव लिहून ठेवावे. ‘अमेजिला, नर’ एवढेच लिहून जातीची जागा रिकामी सोडली, तरी ती नोंद पूर्ण धरतात.